मुंबई बघताना भेटलेले नाना

गेल्या दिवाळीनंतर आम्ही दोघं, ह्यांचे कॉलेजातले एक मित्र आणि वहिनी असे चौघं मुंबई बघायला गेलो. लग्नकार्य किंवा दवाखाना सोडून मुंबईत पाय ठेवायची ही आमची पहिलीच वेळ. यादी नेहमीचीच होती. बोरीबंदर, राणीची बाग, एशियाटिकच्या पायऱ्या, गिरगाव चौपाटी. पण मैत्रिणींनो, त्या चार दिवसांत एक माणूस आम्हाला जागोजागी भेटत राहिला. नाना शंकरशेट!

संस्कृतच्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीमुळे त्यांचं नाव आपल्या कानावर असतं. १९१२ साली मॅट्रिकला चिंतामणराव देशमुखांनी ती मिळवली होती. पण ज्यांच्या स्मरणार्थ ती दिली जाते, ते नाना कोण होते हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा, ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचा. घराणं सधन व्यापाऱ्याचं. वडिलांच्या मागे ऐन तरुण वयात सगळा कारभार त्यांच्या अंगावर पडला. तो त्यांनी सांभाळला, वाढवला, आणि मिळालेला पैसा गावाच्या कामाला लावला.

पहिल्या दिवशी आम्ही बोरीबंदरला, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला गेलो. आजची भव्य इमारत नंतरची, १८८८ मध्ये पूर्ण झालेली. पण १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याला निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी इथूनच सुटली. ती सुरू व्हावी म्हणून सर जमशेटजी जीजीभाईंच्या सोबतीने खटपट करणाऱ्यांत नाना पुढे होते. स्टेशनच्या दर्शनी भागावर दगडात कोरलेल्या चेहऱ्यांत त्यांचाही चेहरा आहे. आपण गाडी पकडायच्या घाईत असतो, मान वर करून बघतो कशाला!

दुसऱ्या दिवशी राणीची बाग. शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात वहिनी तर जुन्या मुंबईच्या मातीच्या बाहुल्यांपुढून हलेनात. १८६२ मध्ये पायाभरणी झालेलं हे संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं १८७२ मध्ये. त्यासाठी झटणाऱ्यांत डॉ. भाऊ दाजींबरोबर नाना होतेच. पुरं झालेलं बघायला मात्र ते राहिले नाहीत. ३१ जुलै १८६५ ला ते गेले.

एशियाटिकमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. त्याच्यासमोर उभी राहिले तेव्हा माझ्या मनात आली ती मात्र त्यांची वेगळीच गोष्ट. १८४९ च्या सुमारास दादाभाई नौरोजी आणि एल्फिन्स्टनमधल्या तरुणांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. पगार न घेता ही मुलं स्वतः शिकवायची. पण शाळा भरवायची कुठे? मुलगी शिकली तर घराला अवकळा येते असं मानणारा तो काळ. अशा वेळी नानांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली.

देणगी देऊन मोकळं होणं त्यांना सहज जमलं असतं. पण स्वतःच्या दारातून परक्यांच्या मुली रोज पाटी घेऊन आत येऊ द्यायच्या, म्हणजे लोकांचे टोमणे घरातल्या बायामाणसांपर्यंत येणारच. जुन्या वळणाचा, देवधर्म पाळणारा हा गृहस्थ होता. तरीही त्याने दार उघडलं.

हे मला इतकं लागायचं कारण आहे. आमचं महिला मंडळ दोन वर्षांपासून मुलींच्या अभ्यासिकेसाठी एक खोली शोधतंय. बारावीच्या, स्पर्धा परीक्षेच्या मुली. घरात दोन खोल्या, टीव्ही चालू, पाहुण्यांची वर्दळ. अभ्यास करणार कुठे? खुर्च्या द्यायला माणसं आहेत, पंख्यावर नाव घालून पंखा द्यायलाही आहेत. पण मुलं पुण्याला गेल्यामुळे कुलूप लागलेली माडी कुणी देत नाही. मुली येणार-जाणार, उगाच कटकट नको, हे उत्तर ठरलेलं.

शेवटच्या दिवशी ग्रँट रोडच्या नाना चौकात उतरून शंकरशेट घराण्याने बांधलेल्या भवानीशंकराच्या देवळात दर्शन घेतलं आणि रात्रीच्या गाडीने परतलो. येत्या महिन्यात आम्ही पुन्हा दारोदार जाणार आहोत. या वेळी पावतीपुस्तक घरीच ठेवू. तुमच्याही गावात अशी बंद माडी, रिकामी ओसरी असेलच. मालकीणबाईंशी बोलून तर बघा. किल्ली बहुतेक त्यांच्याच कमरेला असते.