नारायण वामन टिळक: शिष्यत्व आणि 'देवाचा दरबार'

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या चरित्राचा विचार करताना त्यांचे काव्य आणि धर्मांतर या दोनच बाजू सामान्यतः पुढे येतात. शिष्यत्व हे माणसामाणसांतील नात्यातून घडते, ही त्यांच्या जीवनातून व्यक्त होणारी धारणा मात्र दुर्लक्षित राहते.

१८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका अपरिचित सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला. त्या भेटीतून सुरू झालेले चिंतन १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत घेतलेल्या बाप्तिस्म्यापर्यंत पोहोचले. त्याचे मोल जबर होते. पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या. काही वर्षांनी परतल्यावरही त्या स्वतंत्र सोवळ्याने राहिल्या आणि १९०० मध्ये स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. पुढे अहमदनगरच्या घरी बालकवी कुटुंबीयाप्रमाणे वावरले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, तरी जिव्हाळा उणावला नाही.

या अनुभवाला टिळकांनी १९१७ मध्ये संस्थारूप देण्याचा प्रयत्न केला. अमेरिकन मराठी मिशनची वेतनी सेवा सोडून त्यांनी सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांचा तो बंधुसंघ होता. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या या कल्पनेत मराठी संतपरंपरेचा संस्कार स्पष्ट दिसतो.

९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले आणि दरबारही फार काळ टिकला नाही. व्यक्तिगत नात्यावर उभी असलेली ही रचना त्या व्यक्तीवाचून तग धरू शकली नाही. तिचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा एकाच ठिकाणी होती, असे म्हणावे लागते.