फादर सिरील व्हर्स्खावे : मायबोलीचा कैवारी कुठे चुकला?



बेल्जियमच्या उत्तर भागाला फ्लांडर्स म्हणतात. तेथील फ्लेमिश लोकांची बोली डच. परंतु एकोणिसाव्या शतकात कोर्टकचेरीत आणि उच्च शिक्षणात मान होता तो फ्रेंच भाषेला. या लोकांचे गाऱ्हाणे खरे होते, हे आपण आधी मान्य करू या.

अशा समाजात १८७४ साली सिरील व्हर्स्खावे यांचा जन्म झाला. १८९७ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे ते शिक्षक झाले, कवी व नाटककार म्हणून नावाजले. १९११ पासून ते आल्व्हेरिंगेम या खेड्यात सहायक धर्मगुरू होते.

पहिल्या महायुद्धात हे खेडे आघाडीच्या जवळच होते. साध्या सैनिकांत फ्लेमिश मुले बहुसंख्य, तर अधिकारी बहुतांशी फ्रेंच बोलणारे. दुखावलेली ती मुले फादरांकडे येत. फादरांनी त्यांना दार उघडले, धीर दिला. इथपर्यंत ते खरे मेंढपाळ होते, असे आम्हांला वाटते.

परंतु पुढे भाषेच्या प्रेमाने त्यांच्या मनात देवाची जागा घेतली. १९४० साली हिटलरच्या सैन्याने बेल्जियम व्यापले, तेव्हा फ्लांडर्सचे भले जर्मनीच करील असे त्यांनी मानले. जर्मनांनी नेमलेल्या सांस्कृतिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. नास्तिक रशियाविरुद्धचे धर्मयुद्ध म्हणून त्यांनी तरुणांना जर्मन गणवेशात लढायला उत्तेजन दिले. त्यातील कित्येक परत आलेच नाहीत. त्याच काळात, १९४२ ते १९४४ दरम्यान, फ्लांडर्समधल्याच मेखेलेन शहरातून २५ हजारांहून अधिक ज्यू व रोमा लोकांना आगगाडीत कोंबून मृत्युछावण्यांकडे धाडण्यात आले. तरीही १९४४ साली फादर हिमलरला भेटले, ते फ्लांडर्सच्या भवितव्याविषयी बोलायला.

त्याच वर्षी ते देश सोडून पळाले. १९४६ साली लष्करी न्यायालयाने त्यांच्या गैरहजेरीत त्यांना देहदंड सुनावला. १९४९ साली ऑस्ट्रियात त्यांचे निधन झाले. १९७३ साली कट्टर अनुयायांनी त्यांचे अवशेष गुपचूप उकरून आल्व्हेरिंगेमला आणून पुरले.

आपल्या लोकांचे दुःख त्यांना दिसत होते. शेजाऱ्याचे दिसेनासे झाले. आपणही मायबोलीवर जरूर प्रेम करू या. परंतु त्या प्रेमापोटी कोणाचे दुःख आपल्या नजरेआड होते आहे, हे स्वतःला विचारू या. फादरांसाठी, न परतलेल्या मुलांसाठी आणि मेखेलेनहून नेलेल्यांसाठी या रविवारी प्रार्थना करू या.

आपले धर्मगुरू