बाबासाहेबांची पेन्सिल

कर्जत-खालापूरच्या वाड्यावस्त्यांवर अभ्यासवर्ग घेताना एक दृश्य आम्हाला नेहमी दिसते. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड पीडीएफ होऊन प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असतात. पण कुठले पान वाचले, कुठे अडले, असे विचारले की बोट नुसते वर-खाली सरकत राहते. यात आम्हीही आलो. म्हणून यावेळी बाबासाहेबांकडे फक्त एक वाचक म्हणून पाहू.

१४ एप्रिल १८९१ रोजी महूला जन्मलेल्या भीमरावांचे वाचन परळच्या चाळीतील एका खोलीत वाढले. सुभेदार रामजी त्यांना पहाटे दोनला उठवून अभ्यासाला बसवीत. पुस्तकाला पैसे नसले तर लग्न झालेल्या मुलीचा दागिना गहाण पडे. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती दिले.

१९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकताना त्यांनी न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारातून सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. १९१७ मध्ये मायदेशी परतताना सामान वेगळ्या जहाजाने पाठवले आणि युद्धात ते जहाज बुडवले गेले. भरपाईचे सहाशे रुपये मिळाले, त्यावर ते नोकरीसाठी बडोद्याला गेले. पुस्तकासोबत त्यावर केलेले टिपणही बुडते, ही कागदाची उणी बाजू आम्ही नाकारत नाही. आमच्याकडच्या जुलैच्या पावसात पुस्तकांना बुरशी धरते, तेव्हा मोबाईलच बरा वाटतो.

तरी त्यांनी पुन्हा ग्रंथ जमवले, दादरला ‘राजगृह’ बांधले ते ग्रंथांसाठीच. ते लाल-निळ्या पेन्सिलीने ओळी अधोरेखित करीत. गुरू जॉन ड्युई यांच्या ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ची त्यांची प्रत अशा खुणांनी भरलेली आहे आणि त्या वाचनाचा धागा १९३६ च्या जातिनिर्मूलनाच्या भाषणापर्यंत पोहोचतो. वीस वर्षांनी उपयोगी पडणारी खूण! वाचणे आणि लिहिणे ही त्यांच्यासाठी दोन वेगळी कामे नव्हतीच. १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले, त्यांचे बरेच ग्रंथ पुढे तिथे गेले.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर चवदार तळ्याचा खटला आठवावा. १९२७ चा सत्याग्रह सर्वांना पाठ आहे. त्यानंतरची दहा वर्षांची कोर्टाची लढाई कमी जणांना. तळे आपलेच ही वहिवाट पुरातन असल्याचे सवर्ण वादींना सिद्ध करता आले नाही आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने त्यांच्या विरोधात निकाल दिला. घोषणेइतकीच तिथे कागद बारकाईने वाचणारी नजर लागली. वनहक्काचा दावा किंवा सातबारा मोबाईलवर झूम करून वरवर पाहणाऱ्या कार्यकर्त्याने हे ध्यानात घ्यावे, असे आमचे मत आहे.

शेवटच्या वर्षांत दिल्लीच्या २६ अलिपूर रोडवर नानकचंद रत्तू टंकलेखन करीत आणि बाबासाहेब त्या पानांवर हाताने दुरुस्त्या करीत. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेची पाने त्यांनी मागून घेतली. सकाळी ते उठले नाहीत. ग्रंथ १९५७ मध्ये निघाला.

उरलेली हस्तलिखिते पेट्यांमध्ये राहिली. १९७९ पासून शासनाने खंड काढले, तेव्हा वसंत मून यांच्यासमोर टंकलेली पाने, हस्ताक्षरातील दुरुस्त्या, मोकळ्या सोडलेल्या जागा होत्या. खोडलेले वाक्यही वाचता येत होते, विचार कुठे बदलला ते कळत होते. फाइलमध्ये पुसले की बहुधा ते उरतच नाही. अर्थात पीडीएफ नसती तर बाजारात न मिळणारे खंड आमच्या कितीतरी वाड्यांपर्यंत पोहोचले नसते.

सध्या आम्ही एवढेच करतो: एक प्रकरण छापून घेतो आणि एकच प्रत हातोहात फिरवतो. गेल्या महिन्यातली प्रत परत आली तेव्हा समासात तीन जणांचे अक्षर होते. एका ओळीपाशी दोघांनी प्रश्नचिन्ह काढले होते आणि तिसऱ्याने त्याखाली उत्तर लिहायला सुरुवात करून अर्ध्यावर सोडले होते.