विल्यम मरे, मॅन्सफील्डचे पहिले अर्ल

विल्यम मरे, मॅन्सफील्डचे पहिले अर्ल (२ मार्च, इ.स. १७०५ – २० मार्च, इ.स. १७९३) हे ब्रिटिश वकील, राजकारणी व न्यायाधीश होते. लॉर्ड मॅन्सफील्ड या नावाने ते अधिक परिचित आहेत. इ.स. १७५६ ते इ.स. १७८८ या काळात ते इंग्लंडमधील किंग्ज बेंच न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. कोणते वचन न्यायालयाने अंमलात आणावे, एका पक्षाने करार मोडल्यास दुसरा पक्ष आपल्या बंधनातून केव्हा सुटतो आणि करार नसतानाही एकाचा पैसा दुसऱ्याला केव्हा परत करावा लागतो, या तीन प्रश्नांवरील त्यांचे निकाल करारविषयक कायद्याच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जातात. यांपैकी शेवटच्या दोन प्रश्नांवरील त्यांची भूमिका टिकली. पहिल्या प्रश्नावरील भूमिका त्यांच्या हयातीतच फेटाळली गेली.

पूर्वायुष्य

मरे यांचा जन्म स्कॉटलंडमधील पर्थजवळील स्कोन येथे झाला. स्टॉरमॉन्टचे पाचवे व्हायकाउंट हे त्यांचे वडील. पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याविषयी या कुटुंबाला सहानुभूती होती आणि विल्यम यांचे एक बंधू परागंदा स्टुअर्ट दावेदाराच्या दरबारात होते. या पार्श्वभूमीचा उल्लेख विरोधकांनी मरे यांच्याविरुद्ध वारंवार केला. वयाच्या तेराव्या वर्षी ते लंडनमधील वेस्टमिन्स्टर शाळेत गेले. पुढे ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात शिक्षण घेऊन इ.स. १७३० मध्ये ते लिंकन्स इन येथून वकील झाले. कवी अलेक्झांडर पोप त्यांचे स्नेही होते. इ.स. १७३८ मध्ये त्यांचा विवाह लेडी एलिझाबेथ फिंच यांच्याशी झाला. या दांपत्याला अपत्य नव्हते.

इ.स. १७४२ मध्ये मरे संसदेवर निवडून गेले आणि त्याच वर्षी सॉलिसिटर जनरल झाले. इ.स. १७४५ च्या स्टुअर्टवादी उठावानंतर बंडखोर सरदारांवर चाललेल्या खटल्यांत त्यांना सरकारपक्षाची बाजू मांडावी लागली.

ओमीचंद विरुद्ध बार्कर (इ.स. १७४४) हा त्यांच्या वकिलीच्या काळातील खटला भारतीय वाचकांच्या दृष्टीने लक्षणीय आहे. कलकत्त्यातील एका व्यापाऱ्याने येणे असलेल्या रकमेसाठी इंग्लंडच्या चॅन्सरी न्यायालयात दावा केला होता. हिंदू साक्षीदारांनी आपल्या धर्माच्या रीतीने शपथ घेऊन दिलेली साक्ष ग्राह्य धरावी की नाही, असा प्रश्न होता. साक्षच नाकारली गेली असती, तर ख्रिस्ती नसलेल्या व्यापाऱ्याला इंग्रजांशी केलेला व्यवहार सिद्ध करणे दुरापास्त झाले असते. मरे यांनी व्यापाऱ्याच्या बाजूने युक्तिवाद केला आणि न्यायालयाने साक्ष ग्राह्य ठरवली.

मुख्य न्यायाधीश

इ.स. १७५४ मध्ये मरे ॲटर्नी जनरल झाले आणि नोव्हेंबर १७५६ मध्ये मुख्य न्यायाधीशपदी त्यांची नेमणूक होऊन त्यांना बॅरन मॅन्सफील्ड ही पदवी मिळाली. इ.स. १७७६ मध्ये ते अर्ल झाले. त्या काळात लंडनचा सागरी व्यापार, विमा आणि हुंड्यांचा व्यवहार झपाट्याने वाढत होता. परंतु कायद्याचे नियम मुख्यतः जमीनजुमल्याच्या तंट्यांतून घडलेले होते. मॅन्सफील्ड यांनी शहरातील जाणत्या व्यापाऱ्यांना खास ज्यूरी म्हणून बोलावण्याची पद्धत रूढ केली. बाजारातील रीत त्यांच्याकडून समजून घ्यायची आणि तिच्या आधारे पुढील खटल्यांनाही लागू पडेल असा नियम सांगायचा, असा त्यांचा परिपाठ होता. आपला व्यवहार न्यायालयात टिकेल की नाही हे व्यापाऱ्याला तो करतानाच कळले पाहिजे, यावर त्यांचा भर होता.

वचन व प्रतिफल

इंग्लिश कायद्यानुसार औपचारिक दस्तात नसलेले वचन बंधनकारक ठरण्यासाठी त्याच्या मोबदल्यात काही दिले किंवा केले गेले असावे लागते. यास प्रतिफल म्हणतात. पिलान्स विरुद्ध व्हॅन मिएरोप (इ.स. १७६५) या खटल्यात रॉटरडॅमच्या एका पेढीने व्हाइट नावाच्या आयरिश व्यापाऱ्याला रक्कम दिली होती. त्यानंतर लंडनच्या पेढीने त्याच्या खात्यावरील हुंडी स्वीकारण्याचे लेखी कळवले. व्हाइटचे दिवाळे निघताच लंडनच्या पेढीने हात वर केले. आपण वचन देण्यापूर्वीच रक्कम दिली गेली होती, तेव्हा आपल्या वचनाला प्रतिफलच नाही, असा तिचा बचाव होता.

मॅन्सफील्ड यांनी तो मान्य केला नाही. वचन गांभीर्याने दिले होते याचा पुरावा म्हणूनच प्रतिफल आवश्यक असते. व्यापाऱ्याने लेखी वचन दिले असेल तर तो पुरावा लेखातच आहे, अशी त्यांची भूमिका होती. ती टिकली असती, तर इंग्लिश करारकायद्याचा पायाच बदलला असता. मात्र रॅन विरुद्ध ह्यूज (इ.स. १७७८) या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने केवळ लेखी असल्याने वचन बंधनकारक होत नाही असे ठरवले. त्यानंतरही हॉक्स विरुद्ध साँडर्स (इ.स. १७८२) मध्ये मॅन्सफील्ड यांनी नैतिक कर्तव्य हे प्रतिफल म्हणून पुरेसे आहे असे म्हटले. मुदतबाह्य झालेले कर्ज फेडण्याचे वचन हे त्यांचे एक उदाहरण होते. इंग्लंडमध्ये हा विचार इ.स. १८४० मध्ये ईस्टवुड विरुद्ध केन्यन या खटल्यात नाकारला गेला.

करारभंग

करारभंगाबाबतचे त्यांचे कार्य अधिक टिकाऊ ठरले. जुन्या नियमानुसार दोन्ही पक्षांची वचने सामान्यतः एकमेकांपासून स्वतंत्र मानली जात. इ.स. १६१५ च्या एका खटल्यात गाय देण्याचे वचन देणाऱ्याला, गाय दिल्याचे न सांगताही, तिच्या किमतीचे ५० शिलिंग मागता येतात असे ठरले होते. खरेदीदाराने आधी पैसे द्यावेत आणि गायीसाठी वेगळा दावा करावा, असा त्याचा अर्थ होता. विक्रेत्याची ऐपत नसेल, तर असा दावा जिंकूनही खरेदीदाराच्या हाती काही पडण्याची शाश्वती नव्हती.

किंग्स्टन विरुद्ध प्रेस्टन (इ.स. १७७३) मध्ये प्रेस्टन या रेशीमव्यापाऱ्याने सव्वा वर्षानंतर आपला धंदा व माल किंग्स्टनकडे सोपवण्याचे कबूल केले होते. मालाची किंमत हप्त्याने मिळणार होती आणि त्यासाठी किंग्स्टनने पुरेसे तारण द्यायचे होते. तारण न देताच किंग्स्टनने धंद्याचा ताबा मागितला. मॅन्सफील्ड यांनी वचनांचे तीन वर्ग सांगितले: परस्परांपासून स्वतंत्र, एक पाळल्याखेरीज दुसरे लागू न होणारे आणि दोन्ही एकाच वेळी पाळावयाचे. वचन कोणत्या वर्गातील आहे हे शब्दांच्या मांडणीवरून नव्हे, तर पक्षांच्या हेतूवरून ठरवावे असे त्यांनी म्हटले. तारण हा या कराराचा गाभा असल्याने किंग्स्टनचा दावा फेटाळण्यात आला.

या नियमाचा दुसरा धोका उघड होता. क्षुल्लक उणिवेवर बोट ठेवून कोणीही करारातून अंग काढून घेऊ शकला असता. बून विरुद्ध आयर (इ.स. १७७७) मध्ये वेस्ट इंडीजमधील एक मळा तेथील गुलामांसह विकला गेला होता आणि त्याबद्दल वार्षिक रक्कम देण्याचे ठरले होते. गुलामांवर विक्रेत्याची पूर्ण मालकी नव्हती, या कारणाने खरेदीदाराने रक्कम थांबवली. भंगामुळे कराराचा संपूर्ण मोबदलाच नाहीसा होत असेल तर दुसरा पक्ष मोकळा होतो. भंग अंशतः असेल तर करार कायम राहून केवळ नुकसानभरपाई मिळते, असा निर्णय मॅन्सफील्ड यांनी दिला. आजही शिकवला जाणारा हा नियम माणसांच्या मालकीवरून निघालेल्या तंट्यातून जन्माला आला.

पैशाची परतफेड

मोझेस विरुद्ध मॅकफर्लन (इ.स. १७६०) हा खटला अवघ्या ६ पौंडांचा होता. मोझेसने प्रत्येकी ३० शिलिंगांच्या चार वचनचिठ्ठ्या मॅकफर्लनच्या नावे केल्या. त्यांबाबत मोझेसला जबाबदार धरणार नाही, असे मॅकफर्लनने लिहून दिले होते. तरीही त्याने कनिष्ठ न्यायालयात मोझेसवर दावा लावला. त्या न्यायालयाने लेखी कराराकडे लक्ष न दिल्याने मोझेसला पैसे भरावे लागले. ज्याच्याकडे पैसा राहणे न्यायाला धरून नाही, त्याने तो परत करावा, त्यासाठी प्रत्यक्ष कराराची गरज नाही, असे ठरवून मॅन्सफील्ड यांनी ती रक्कम परत देवविली. दुसऱ्या न्यायालयाचा निकाल अशा प्रकारे उलटवल्याबद्दल नंतरच्या न्यायाधीशांनी टीका केली. तत्त्व मात्र टिकले.

विमा व गुलामगिरी

कार्टर विरुद्ध बोहम (इ.स. १७६६) मध्ये सुमात्रा बेटावरील ईस्ट इंडिया कंपनीच्या फोर्ट मार्लबरोचा विमा वादग्रस्त होता. फ्रेंचांनी किल्ला घेतल्यावर विमेदाराने माहिती दडवल्याचा आरोप करून रक्कम नाकारली. विम्याच्या करारात दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे माहिती उघड केली पाहिजे हे तत्त्व मॅन्सफील्ड यांनी येथे मांडले. परंतु युद्धाचा सर्वज्ञात धोका विमेदारालाही ठाऊक असायला हवा होता, म्हणून निकाल त्याच्या विरोधात गेला.

सॉमरसेट खटल्यात (इ.स. १७७२) इंग्लंडमध्ये आणलेल्या गुलामाला बळजबरीने देशाबाहेर नेता येणार नाही असा निर्णय त्यांनी दिला. त्याच वेळी गुलामाच्या विक्रीचा करार मात्र इंग्लंडमध्ये वैध असल्याचे त्यांनी नमूद केले. झाँग जहाजाच्या प्रकरणात ही विसंगती टोकाला गेली. इ.स. १७८१ मध्ये या जहाजावरून सुमारे १३० आफ्रिकी बंदिवानांना समुद्रात फेकण्यात आले आणि मालकांनी माणशी ३० पौंड विमा मागितला. ज्यूरीने मालकांच्या बाजूने कौल दिला. इ.स. १७८३ च्या सुनावणीत मॅन्सफील्ड यांनी, विम्याच्या दृष्टीने हे घोडे फेकण्यासारखेच होते असा ज्यूरीचा दृष्टिकोन सांगितला. पुढे आलेला पुरावा पाहून त्यांच्या न्यायालयाने फेरसुनावणीचा आदेश दिला. खुनाचा खटला कोणावरही चालला नाही. या काळात मॅन्सफील्ड यांच्या केनवूड येथील घरी त्यांच्या भाच्याची, एका गुलाम स्त्रीपासून झालेली कन्या डायडो एलिझाबेथ बेल वाढत होती. मॅन्सफील्ड यांनी आपल्या मृत्युपत्रात तिचे स्वातंत्र्य स्पष्ट शब्दांत नमूद केले व तिच्यासाठी रक्कम ठेवली.

अखेरची वर्षे

कॅथलिकांविषयी ते सौम्य असल्याच्या रागातून इ.स. १७८० च्या गॉर्डन दंगलीत जमावाने ब्लूम्सबरी चौकातील त्यांचे घर जाळले. त्यात त्यांचा ग्रंथसंग्रह व हस्तलिखिते नष्ट झाली. पुढच्याच वर्षी लॉर्ड जॉर्ज गॉर्डन यांच्यावरील राजद्रोहाचा खटला मॅन्सफील्ड यांच्यासमोर चालला आणि ज्यूरीने गॉर्डन यांना निर्दोष ठरवले. इ.स. १७८८ मध्ये मॅन्सफील्ड निवृत्त झाले. केनवूड येथे त्यांचे निधन झाले व वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांचे दफन करण्यात आले.

भारतीय कायद्याशी संबंध

भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील परस्पर वचनांविषयीच्या कलम ५१ व ५४ मागे किंग्स्टन खटल्यातीलच विचार आहे. कलम ६८ ते ७२ मध्ये करारसदृश संबंधांतून निर्माण होणारी देणी सांगितली आहेत. चुकीने दिलेल्या पैशाची परतफेड त्यांपैकी एक होय. कलम २५ नुसार प्रतिफलाशिवाय केलेला करार सामान्यतः निरर्थक ठरतो. परंतु मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे सहीनिशी दिलेले लेखी वचन आणि पूर्वी स्वेच्छेने केलेल्या कामाची भरपाई देण्याचे वचन, हे दोन्ही त्याच कलमातील अपवाद आहेत.