गौरीकुंडाच्या काठी हंसस्वामी

कैलासाच्या प्रदक्षिणेचा विषय आमच्याकडे निघाला तो गेल्या दत्तजयंतीला. पाळणा झाला, सुंठवडा वाटून झाला आणि मंदिराच्या ओसरीवर आम्ही चार-पाच जण जरा टेकलो होतो. सरकारी यात्रा पाच वर्षं बंद होती, ती 2025 साली पुन्हा सुरू झाली, हे कुणीतरी सांगितलं. वयाच्या सत्तरीपर्यंतच नाव घेतात, हेही त्यानंच सांगितलं. मला एकोणसत्तरावं चालू आहे. त्या रात्री झोप अशी लागलीच नाही.

घरात म्हणणं सरळ होतं. महाराज रोज काशीला स्नान करतात, कोल्हापुरी भिक्षा मागतात आणि माहुरी निद्रा करतात. ते आपल्याच मुलखात फिरत असताना त्यांच्यासाठी तिबेटात कशाला जायचं? मला उत्तर देता आलं नाही. पण ज्यांच्यामुळं हे वेड माझ्या डोक्यात शिरलं, ते दत्तभक्त होते, मराठी होते, आणि महाराजांनाच शोधायला कैलासावर गेले होते. भगवान श्रीहंस. पूर्वाश्रमीचं आडनाव नाटेकर. आपल्यापैकी जुन्या मंडळींना नाव माहीत असेल, नव्यांना बहुधा नसेल, म्हणून त्यांची हकीकत सांगतो.

हंसस्वामींनी आपली कैलासयात्रा मराठीत लिहिली. त्यांचे शिष्य श्रीपुरोहित स्वामी हे आपल्या विदर्भातले, बडनेऱ्याचे. शिकलेले, कायद्याची पदवी घेतलेले. त्यांनी गुरूंच्या लेखनाचा इंग्रजी अनुवाद केला आणि तो 1934 साली लंडनला फेबर अँड फेबरनं छापला. त्याला लांबलचक प्रस्तावना लिहिली आयर्लंडचे कवी येट्स यांनी. रवींद्रनाथांच्या इंग्रजी गीतांजलीला प्रस्तावना लिहिणारे तेच हे येट्स, 1923 चं नोबेल मिळालेले. म्हणजे दत्तमहाराजांचं नाव विलायतेतल्या वाचकांपुढं गेलं ते असं. मी ते पुस्तक इंग्रजीतूनच वाचलं. मराठी माणसानं मराठीत लिहिलेलं आपण डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचतोय, याची थोडी लाजही वाटली.

स्वामी गेले ते 1908 साली. आज आम्ही अर्ज भरायचा, संगणकावर चिठ्ठ्या निघणार, पहिल्या वर्षी 750 जणांना घेतलं, आता आपला नंबर लागतो का बघायचं, अशी आमची तयारी. तेव्हा पासपोर्ट-व्हिसाची भानगड नव्हती, पण सोयही काही नव्हती. कुमाऊंतून जाणारा यात्रेकरू काठगोदामपर्यंत आगगाडीनं जाई. तिथून पुढं पायी. अल्मोडा, धारचुला, गर्ब्यांग, मग लिपुलेखची खिंड, मग तिबेटातलं तकलाकोट. भोटिया व्यापारी उन्हाळ्यात धान्य-गूळ घेऊन पलीकडं जात आणि मीठ-लोकर घेऊन परतत. त्यांच्या सोबतीनं जाणं शहाणपणाचं, कारण पठारावर लुटारूंचं भय. एकट्यादुकट्यानं जाणाऱ्याच्या घरचे लोक तो परत येईल हे धरून चालत नसत.

स्वामींना दर्शन झालेलंच नव्हतं असं नाही. ध्यानात झालं होतं. त्यांची तळमळ वेगळी होती. आपल्या गुरूंना, श्रीदत्तात्रेयांना, याच डोळ्यांनी, समोर उभं पाहायचं. आपण म्हणू, ध्यानात दिसले ते काय कमी आहे? पण ज्याची भूक त्याला ठाऊक.

मानससरोवरावर राहून ते कैलासाकडं गेले. ही प्रदक्षिणा साधारण 52 किलोमीटरची, बहुतेक लोक तीन दिवसांत करतात. पहिला मुक्काम डिरापुकला, तिथून कैलासाचं उत्तरेकडचं तोंड अगदी जवळ दिसतं. दुसऱ्या दिवशी डोल्मा खिंड, साडेअठरा हजार फुटांच्या आसपास. तिथं श्वासाला हवा आपल्याकडच्या निम्मीच. खिंड उतरू लागलं की उजव्या हाताला खाली एक लहानसा तलाव दिसतो. तेच गौरीकुंड. पार्वतीमातेच्या स्नानाची जागा. वर्षाचे बरेच महिने बर्फानं झाकलेलं असतं. आज यात्रेकरू वरूनच हात जोडतात आणि सोबतच्या माणसाला पाणी आणायला खाली पाठवतात. उतार कठीण आहे, आणि दुपारनंतर हवा कधी फिरेल ते सांगता येत नाही, म्हणून वाटाडे कुणाला थांबू देत नाहीत.

स्वामी तिथं जाऊन बसले. दर्शन होईल, नाहीतर देह इथंच पडेल, असा निश्चय करून. तीन दिवस अन्न नाही, निवारा नाही. मला त्यांच्या लेखनातलं सगळ्यात खरं वाटलं ते हे, की देहाचं रडणं त्यांनी लपवलेलं नाही. थंडी सुयांसारखी मांसात शिरते, हाडापर्यंत जाते, भूक पोटात पेटते, हे सगळं त्यांनी सांगितलंय. सिद्धपुरुषाला थंडी वाजली नाही असं लिहून त्यांना सुटता आलं असतं. मग श्रीगुरू आले. स्वामी धावत जाऊन चरणांवर पडले. महाराजांनी तान्ह्या लेकरासारखं उचलून घेतलं, अंगावरून हात फिरवला, आणि तिथंच दीक्षा दिली. यावर खरंखोटं करत बसणारे बसोत. माझं पुस्तक त्या पानावर कितीतरी वेळ उघडंच पडलं होतं.

त्यानंतर स्वामी परत आले, हे मात्र आपण विसरतो. जे मागितलं ते मिळालं, तरी तिथं राहिले नाहीत. परत आले, आणि पुढं बरीच वर्षं आपल्या लोकांत राहिले. शिष्य केले, लिहिलं. 1936 साली पुरोहित स्वामी विलायतेहून परतले तेही गुरू फार आजारी आहेत म्हणून. त्यानंतर हंसस्वामी फार काळ राहिले नाहीत, आणि पुरोहित स्वामीही 1941 साली गेले. गुरुशिष्यांची ही जोडी महाराष्ट्रात जेवढी आठवायला हवी तेवढी आठवली जात नाही, असं मला वाटतं. त्यांच्याबद्दल लंडनच्या लोकांनीच जास्त लिहिलंय.

आता माझं. रोज पहाटे दहा किलोमीटर चालतोय. गेल्या पौषात गिरनारच्या दहा हजार पायऱ्या चढून पादुकांपर्यंत गेलो, डोली न घेता. आठवड्यातून दोनदा पाठीवर पाच किलोचं ओझं बांधून टेकडी चढतो. कॉलनीतली पोरं हसतात. रक्तदाबाची गोळी चालू आहे, ती डॉक्टरांना सांगितली. डॉक्टर म्हणाले, डिरापुकला बोटाला यंत्र लावून प्राणवायू मोजा, आकडा खाली गेला किंवा डोकं ठणकून उलटी झाली, तर खिंड चढायची नाही, तिथूनच मागं फिरायचं.

मंदिरातले एक स्नेही यावर रागावले. इतक्या दूर जायचं आणि खिंडीखालून परतायचं, मग महाराजांवर विश्वास कसला, हंसस्वामी यंत्र बघून बसले होते का? बोलणं लागलं. दोन दिवस मी डॉक्टरांचा कागद खणात टाकून दिला होता. याआधी आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी त्याच मुक्कामावर दम लागतोय हे लपवलं, आणि त्यांच्यापायी सगळ्या तुकडीला रात्र जागवावी लागली. हेही मला माहीत होतं, तरी कागद खणातच होता.

शेवटी गुरुवारी आरतीनंतर दोघं पादुकांपुढं बसलो. स्वामी गेले तेव्हा त्यांनी सगळा देहच डावाला लावला, आणि तो त्यांचा अधिकार होता. माझ्या देहावर एकट्या माझा अधिकार नाही. बेचाळीस वर्षांपूर्वी सप्तपदी चालताना त्यातला अर्धा देऊन बसलोय. डॉक्टरांनी सांगितलेला आकडा एका चिठ्ठीवर लिहून सौभाग्यवतींच्या हातात दिला, आणि आकडा खाली गेला तर मागं फिरेन असं पादुकांना हात लावून सांगितलं. त्यांनी ती चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी गाणगापूरच्या भस्माची पुडी आणि एक रिकामी स्टीलची बाटली माझ्या सॅकमध्ये निघाली. बाटली गौरीकुंडाच्या पाण्यासाठी. म्हणजे मी पोचेन, हे त्यांनी धरलंय.

अर्जात उंचीच्या मानानं वजनही बघतात, पंचविसाच्या वर निर्देशांक चालत नाही. माझं अजून तीन किलो उतरायचं आहे. सुंठवडा यंदा चिमूटभरच.