वाळूवरची अक्षरे

तुमच्या वर्गात मॉनिटर असेल. मोठ्या मुलांनी लहान मुलांना शिकवावे, ही पद्धत दूरवर पोहोचवणाऱ्या एका शिक्षकाची ही हकिकत आहे.

अँड्र्यू बेल यांचा जन्म १७५३ साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या गावी झाला. १७८७ साली ते भारतात आले. मद्रासजवळ एग्मोर येथे सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी एक शाळा होती. मद्रास म्हणजे आजचे चेन्नई. १७८९ साली बेल या शाळेचे प्रमुख झाले.

एके सकाळी ते घोड्यावरून फिरायला निघाले. वाटेत त्यांना एक देशी शाळा दिसली. मुले जमिनीवर वाळू पसरून बोटाने अक्षरे गिरवीत होती. कागद नव्हता, लेखणी नव्हती; तरीही मुले शिकत होती. बेल यांना ही रीत फार आवडली. त्यांनी आपल्या शाळेतील शिक्षकाला तसेच शिकवण्यास सांगितले. शिक्षकाला ते अशक्य वाटले.

तेव्हा बेल यांनी जॉन फ्रिस्कन नावाच्या मुलाला बोलावले. तो एका शिपायाचा मुलगा होता. त्याचे वय सुमारे आठ वर्षांचे होते. बेल यांनी त्याला काम नीट समजावून दिले आणि त्याच्यावर लक्ष ठेवले. मोठ्यांना न जमलेले काम त्या मुलाने करून दाखवले! मग इतर वर्गांतही मुलेच मुलांना शिकवू लागली. हुशार मुलाजवळ कच्चा मुलगा बसू लागला.

पण हाती अधिकार आला की काही मुले लहानांवर दादागिरी करतात. बेल यांना मारझोड पसंत नव्हती. म्हणून मुलांचे अपराध एका वहीत लिहिले जात. आठवड्यातून एकदा ते सर्वांसमोर वाचले जात. मुलांमधूनच पंच निवडले जात आणि ते निवाडा करीत. त्यामुळे कोणा एकाच्या रागावर शिक्षा अवलंबून राहत नसे.

१७९६ साली बेल मायदेशी परतले. पुढच्याच वर्षी त्यांनी या प्रयोगावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. ही पद्धत अनेक देशांत पसरली. मात्र वर्ग फार मोठे झाले, तेथे घोकंपट्टी वाढली. १८३२ साली बेल यांचे निधन झाले.

दुसऱ्याला शिकवणे हा मान आहे, तशीच ती जबाबदारीही आहे. आपल्याजवळ बसलेला मुलगा घाबरला, तर आपले शिकवणे चुकले. तो शिकला, तरच ते खरे.