विश्लेषण : हर्डीकर नाही, अभिषेकी नाही, मास्टर दीनानाथ ‘मंगेशकर’ कसे झाले?

मालवण तालुक्यातील धामापूर म्हटले की आधी तलाव आठवतो. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० मध्ये बांधलेला, काठावर भगवती देवीचे मंदिर असलेला हा तलाव २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत गेला. पण गावाचे नाव तलावापेक्षा जास्त फिरते ते आडनावातून. मुंबईत कुणी धामापूरकर भेटले, की त्यांचे मूळ गाव वेगळे विचारावे लागत नाही. खुद्द धामापुरात मात्र या आडनावाचा तसा उपयोग नाही. तिथे सगळेच धामापूरचे!

‘कर’ लागते ते गाव सुटल्यावर. आजूबाजूला नजर टाका. नेरूरचे नेरूरकर, वालावलचे वालावलकर, परुळ्याचे परुळेकर, आचऱ्याचे आचरेकर, तेंडोलीचे तेंडुलकर. याच मालवण तालुक्यातले वराड थेट आयर्लंडच्या पंतप्रधान कार्यालयापर्यंत पोहोचले. २०१७ मध्ये तिथले पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचे वडिलांकडचे मूळ गाव हेच. २०१९ च्या अखेरीस ते कुटुंबासह वराडला येऊनही गेले.

इंग्रजी आडनावांशी काय साम्य?

बरेच. इंग्रजीत स्मिथ म्हणजे धातुकाम करणारा, आपल्या लोहार-सोनारासारखा. जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा. आणि वॉशिंग्टन हे इंग्लंडच्या ईशान्य भागातले एक गाव. त्या गावावरून एका घराण्याला नाव पडले, त्यातला एक वंशज अमेरिकेचा पहिला अध्यक्ष झाला आणि मग त्याच्या नावावरून राजधानीचे नाव ठेवले गेले. शेवटचा ‘टन’ वस्ती दाखवतो. आपला ‘कर’ त्या वस्तीतला माणूस दाखवतो, इतकाच फरक.

इंग्लंडमध्ये बहुतेक आडनावे मध्ययुगातच पक्की झाली. आपल्याकडे विसावे शतक उजाडल्यावरही माणसे आडनाव बदलत होती, नवे घेत होती. त्यातले सर्वांत गाजलेले उदाहरण कोकणाला लागूनच असलेल्या गोव्यातले आहे.

दीनानाथांचे मूळ आडनाव काय होते?

प्रश्न सोपा वाटतो, उत्तर नाही. दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० रोजी फोंडा भागातल्या मंगेशी गावात झाला. वडील गणेशभट्ट हे मंगेशीच्या देवळात अभिषेक करणारे पुजारी. त्यांच्या घराण्याचे आडनाव हर्डीकर, देवळातल्या कामावरून अभिषेकी. आई येसूबाई राणे या देवळाच्या सेवेशी बांधलेल्या कलावंत समाजातल्या. त्या नावाजलेल्या गायिका होत्या. हाच समाज पुढे गोमंतक मराठा समाज म्हणून ओळखला जाऊ लागला.

दोघांचे लग्नाचे नाते नव्हते. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अशा मुलाला वडिलांच्या घरात जागा नव्हती, वारशात नव्हती आणि आडनावातही नव्हती. आज कोणताही ऑनलाइन फॉर्म उघडा, आडनावाच्या रकान्यापुढे लाल तारा असतो. तो भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. दीनानाथांच्या वेळी फॉर्म नव्हते, पण रकाना होताच. तो समोरच्या माणसाच्या नजरेत असायचा. कुणाचा मुलगा, हा पहिला प्रश्न.

दीनानाथांनी त्याचे उत्तर बापाच्या नावाने दिले नाही, गावाच्या नावाने दिले. रेडीचे रेडकर, खानोलीचे खानोलकर, तसे मंगेशीचे मंगेशकर. शेवटची ‘ई’ गळते, हा या भागातला नेहमीचा प्रकार. इथे मात्र ती गळल्यावर मागे थेट देवाचे नाव उरते. गाव आणि देव एकाच आडनावात आले, आणि त्यावर हरकत घेणार तरी कोण?

यातली एक गंमत अशी की मंगेश हा देवही मूळचा तिथला नाही. त्याचे आधीचे स्थान झुआरी नदीपलीकडचे कुशस्थळी, म्हणजे आजचे कुठ्ठाळी. पोर्तुगीज राजवटीत देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा, १५६० मध्ये, भाविकांनी लिंग नदीपार प्रियोळला हलवले. देव आला आणि जागा मंगेशी झाली.

असे करणारे ते एकटेच होते का?

नाही. याच परंपरेतल्या मोठ्या गायिकांची नावे आठवा. केसरबाई केरकर फोंड्याजवळच्या केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या. कुर्डी गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्यात गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की घरांचे चौथरे दिसतात. मोगूबाईंच्या आडनावात मात्र ते गाव बाराही महिने कोरडे आहे.

मग हे नाव गाजले कसे?

आधी नाटकांमुळे. बाबा माशेलकर यांच्याकडे लहानपणी सुरू झालेले शिक्षण पुढे रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे वाढले. १९१३ मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले. नंतर त्या मंडळीत आलेला हा पोरसवदा गायक नट अल्पावधीत प्रेक्षकांचा लाडका झाला. जाहिरातींत नाव असायचे मास्टर दीनानाथ. आडनावाची गरज तिथे फारशी नव्हतीच.

१९१८ मध्ये त्यांनी चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासोबत बलवंत संगीत मंडळी काढली. राम गणेश गडकरींचे शेवटचे पूर्ण नाटक ‘भावबंधन’ याच मंडळीने रंगमंचावर आणले. त्यात दीनानाथ लतिका करत. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ही १९३१ मध्ये त्यांनीच केले. वेगवान, आक्रमक तान ही त्यांची ओळख. ‘मानापमान’मधला त्यांचा धैर्यधर जुन्या रसिकांच्या घरात अजून चर्चेत असतो.

१९२९ मध्ये इंदूरला थोरली मुलगी झाली. तिचे नाव हेमा ठेवले होते, ते बदलून लता झाले. भावबंधनातल्या लतिकेवरून ते आले, असे सांगितले जाते. म्हणजे या घरात मुलीचे नाव रंगमंचावरून आले आणि आडनाव देवळाच्या गावावरून.

बोलपट आले आणि नाटक कंपन्या खचल्या. १९३४ मध्ये ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा चित्रपट काढून पाहिला, त्यात कर्जाचा बोजा वाढला. मंडळी बंद पडली. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात दीनानाथ गेले, तेव्हा ते अवघे ४१ वर्षांचे होते. मागे पत्नी आणि पाच मुले. लताला तेरावे चालू होते. मास्टर विनायक यांच्या नवयुग कंपनीने तिला ‘पहिली मंगळागौर’मध्ये छोटी भूमिका आणि गाणे दिले. घर त्यावर चालू लागले.

वडिलांना जे नाव मिळत नव्हते म्हणून त्यांनी नवे घेतले, ते नवे नावही मुलीला सहज मिळाले नाही. १९४९ च्या ‘महल’मधले ‘आयेगा आनेवाला’ हे गाणे देशभर वाजले, पण सुरुवातीच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून छापले होते कामिनी. हे चित्रपटातल्या पात्राचे नाव. पार्श्वगायकांची नावे छापण्याची पद्धतच नव्हती. ऐकणारे रेडिओला पत्रे लिहून गायिका कोण, हे विचारू लागले आणि मग आकाशवाणीवरून लता मंगेशकर हे नाव सांगितले गेले. पुढच्या काळात ते रेकॉर्डवर छापून येऊ लागले. मंगेशी कुठे आहे हे माहीत नसलेल्या लाखो घरांत त्या गावाचे नाव असे गेले.

गाणारी पाच भावंडे असूनही सगळ्यांनी हे आडनाव चालवले असे नाही. आशाताई लग्नानंतर भोसले झाल्या आणि त्याच नावाने मोठ्या झाल्या.

आता दीनानाथ मंगेशकर हे पूर्ण नाव विलेपार्ल्याच्या नाट्यगृहावर आहे, पुण्याच्या रुग्णालयावर आहे आणि पणजीत कला अकादमीच्या मुख्य सभागृहावरही आहे. पणजीहून मंगेशी तासाभराच्या आतच येते. देवळात अभिषेक आजही रोज होतो.